लॅपटॉप स्लीपमधून उठला की स्क्रीन गंडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे मुख्यतः विंडोजवाल्यांसाठी आहे, लिनक्स आणि मॅकचं खाली थोडं थोडं आहे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, स्क्रीनवर रेघा दिसल्या की लगेच "डिस्प्ले गेला" म्हणून दुकानात पळू नका आणि कोणीतरी सांगितलं म्हणून फॉरमॅटही मारू नका. चित्र नेमकं कुठे बिघडतंय ते आधी बघायचं, ग्राफिक्स चिपमध्ये, ड्रायव्हरमध्ये (त्या चिपला चालवणारं सॉफ्टवेअर), केबलमध्ये की पॅनलमध्ये (म्हणजे खुद्द स्क्रीन), आणि हे घरबसल्या, एक रुपया खर्च न करता बऱ्यापैकी कळतं.

झाकण उघडलं, पंखा फिरतोय, कीबोर्डचा लाईट लागलाय, पण स्क्रीन ठार काळी. आत्ता काय करू?

पॉवर बटण दाबून धरायची घाई करू नका, सेव्ह न केलेली फाइल उघडी असेल तर ती गेलीच म्हणून समजा. आधी कॅप्स लॉक दाबून बघा, त्याचा दिवा लागतोय-विझतोय म्हणजे मशीन बहुतेक जागं आहे, फक्त चित्र पोचत नाहीये. मग विंडोज की, कंट्रोल आणि शिफ्ट तिन्ही धरून बी दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर तिथल्या तिथे रीसेट होतो, एक बारीक बीप येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि नशीब बरं असेल तर तुमचं सगळं होतं तसं समोर येतं, उघडी ॲप्स साधारणपणे बंद होत नाहीत. हा शॉर्टकट फार लोकांना माहीत नसतो आणि माझ्या मते या पूर्ण पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

नाहीच आलं तर विंडोज की धरून पी दोनदा दाबा आणि एंटर मारा, असं एकदोनदा आंधळेपणानेच करा, कारण ऑफिसात प्रोजेक्टर लावताना "फक्त दुसरी स्क्रीन" असं करून ठेवलेलं असतं आणि घरी आल्यावर लॅपटॉप बिचारा त्या नसलेल्या प्रोजेक्टरला चित्र पाठवत बसलेला असू शकतो. तरीही काळंच असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, आणि तेही नाही चाललं तरच पॉवर बटण दहापंधरा सेकंद दाबून धरायचं.

काळ्या स्क्रीनवर टॉर्च मारून बघा म्हणतात, ते काय आहे?

खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरा आणि नीट बघा. पुसट आयकॉन, लॉगिनची चौकट, घड्याळ असं काही दिसलं तर चित्र येतंय, फक्त मागचा दिवा म्हणजे बॅकलाईट पेटलेला नाही. अशा वेळी ब्राइटनेसची बटणं दाबून बघा, बऱ्याचदा उठताना ब्राइटनेस शून्यावर अडकलेला असतो. काहीच दिसलं नाही तर चित्रच पोचत नाहीये. ओएलईडी स्क्रीन असेल तर ही युक्ती विसरा, तिला बॅकलाईट नसतोच, प्रत्येक पिक्सेल आपापला उजेड देतो.

दिवसभर स्क्रीन मस्त चालते, मग स्लीपनंतरच का गंडते?

कारण उठताना बरीच कामं एकदम आणि ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये, ज्याला एस-३ म्हणतात, रॅमला वीज चालू राहते आणि बाकी जवळजवळ सगळं बंद होतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची स्वतःची मेमरीही बंद पडते आणि त्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणून झोपायच्या आधी ड्रायव्हर त्यातला माल रॅममध्ये हलवतो आणि उठल्यावर परत जागच्या जागी लावतो. भाड्याचं घर सोडताना सामान शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि परत आल्यावर दोन डबे सापडेनात, तसं इथे झालं की खिडक्यांमध्ये रंगीत चौकटी, तुटकी अक्षरं, कालच्या व्हिडिओचा तुकडा असलं काहीतरी दिसायला लागतं.

एवढ्यावर भागत नाही. चिप आणि पॅनल यांची परत नव्याने बोलणी होतात, किती तारांवरून चित्र पाठवायचं, कुठल्या स्पीडने, त्याला लिंक ट्रेनिंग म्हणतात आणि ते फसलं की स्क्रीन काळी. मग बॅकलाईट, मग रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करायचं), मग रंगांचं प्रोफाइल. यात ग्राफिक्स चिप अडकली आणि २ सेकंदांत तिने उत्तर दिलं नाही तर विंडोज तिला स्वतःच रीसेट करतं, व्हिस्टापासून ही सोय आहे. असं झालं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) सिस्टिमच्या खाली ४१०१ नंबरची नोंद सापडते, डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला अशा अर्थाची. स्क्रीन गंडल्याच्या वेळेशी ती नोंद जुळली तर पॅनलवरचा संशय बराच कमी करा.

नवीन लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एस-३ नसतंच, मॉडर्न स्टँडबाय असतो. म्हणजे मशीन मोबाईलसारखं अर्धवट जागं राहतं, चिपचे वेगवेगळे भाग आपापले बंद-चालू होत राहतात, म्हणून कधीकधी बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापून निघतो. तुमच्याकडे काय आहे बघायचं तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, एक स्पेस, मग स्लॅश आणि ए. यादीत एस-० लो पॉवर आयडल दिसलं तर तुमचा मॉडर्न स्टँडबाय आहे.

सॉफ्टवेअरचा घोळ आहे की हार्डवेअरचा, हे ओळखायचं कसं?

स्क्रीन गंडलेली असतानाच स्क्रीनशॉट काढा, विंडोज की आणि प्रिंट स्क्रीन. तो फोटो मोबाईलवर पाठवा आणि मोबाईलवर उघडून बघा. रेघा-ठिपके त्या फोटोतही असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलंय, म्हणजे ॲप, ड्रायव्हर नाहीतर ग्राफिक्स चिप. फोटो स्वच्छ असेल तर चित्र बरोबर बनलंय आणि पुढे पॅनलपर्यंत जाताना वाट लागली. आता "पुढे" म्हणजे फक्त केबल आणि पॅनल नाही बरं का, ड्रायव्हरची वीज वाचवायची एखादी सेटिंगसुद्धा त्या वाटेत येते, त्यामुळे फोटो स्वच्छ आला म्हणून लगेच पॅनलची ऑर्डर देऊ नका.

मग बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडा. टीव्हीवरही तसंच दिसतंय तर पॅनल-केबल दोघेही सुटले. फक्त लॅपटॉपच्याच स्क्रीनवर दिसतंय तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन बघा (चालू करताना एफ-२ किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे बदलतं), तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच, त्यामुळे तिथेही रेघा असतील तर विंडोजला शिव्या देऊन उपयोग नाही. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये याहून सोपं आहे, बंद असताना डी की धरून पॉवर दाबा, पॅनल स्वतःच एकेक रंग पूर्ण स्क्रीनभर दाखवतं. त्या सपाट रंगांवर रेघा दिसल्या तर पॅनलचंच दुखणं.

रंगीत चौकटी फक्त क्रोममध्ये (किंवा एखाद्याच ॲपमध्ये) दिसतात, बाकी ठीक आहे.

ॲप पूर्ण बंद करून परत उघडा, बऱ्याच लोकांना खरं तर एवढंच हवं असतं. रोजचंच झालं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन आहे ते बंद करून दोन दिवस वापरून बघा. व्हिडिओ बघताना प्रोसेसरवर थोडा जास्त ताण येईल, बॅटरी थोडी लवकर संपेल, पण कारण कळेल.

सगळीच स्क्रीन लुकलुकत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मायक्रोसॉफ्टच सांगते ही चाचणी: टास्क मॅनेजरही बाकीच्यासोबत लुकलुकतोय तर बहुधा ड्रायव्हर, तो एकटा स्थिर आणि बाकी सगळं नाचतंय तर कुठलं तरी ॲप.

वाचत बसलो की स्क्रीन हलकी हलकी लुकलुकते, माऊस हलवला की थांबते. भूत आहे का?

भूत नाही, पॅनल सेल्फ रिफ्रेश आहे, आणि हा प्रकार इतका कॉमन आहे आणि लोक त्यावर इतके पैसे घालवतात की जरा सविस्तर लिहितो. लॅपटॉपच्या आत पॅनलला जोडणारा जो डिस्प्लेपोर्टचा प्रकार आहे, त्याच्या २०११ साली आलेल्या १.३ आवृत्तीत ही सोय आली. कल्पना चांगली आहे. स्क्रीनवरचं चित्र हलत नसेल तर ग्राफिक्स चिपने सेकंदाला ६० वेळा तेच तेच चित्र पाठवत बसायचं कशाला, पॅनलमध्येच छोटी मेमरी द्यायची, शेवटचं चित्र तिथे ठेवायचं आणि चिप व मधली लिंक झोपवून टाकायची. बॅटरी वाचते.

घोळ होतो तो झोपण्या-उठण्याच्या सांध्यावर. तुम्ही पीडीएफ वाचताय, काही हलत नाही, पॅनल आपल्या मेमरीतून दाखवतंय, घड्याळाचा मिनिट बदलला, चिप उठली, पॅनलशी जुळवून घेताना एक फ्रेम इकडेतिकडे झाली आणि तुम्हाला झटका दिसला. माऊस हलवत राहिलात तर चिप झोपतच नाही म्हणून झटका नाही. स्लीपमधून उठल्यावर हे जास्त दिसतं, आणि कधी कधी तर उठल्यावर जुनंच चित्र गोठून राहतं, घड्याळात अजून कालचे साडेअकराच वाजलेले असतात.

इंटेलचं ग्राफिक्स असेल तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडा, सिस्टिम, मग पॉवर, तिथे बॅटरीच्या भागात पॅनल सेल्फ रिफ्रेश दिसेल, बंद करा आणि रीस्टार्ट मारा. सेटिंग बॅटरीच्या खाली असते म्हणून चार्जर लावल्यावर त्रास नाही आणि काढल्यावर आहे असं असेल तर संशय अजून पक्का. एएमडीवाल्यांनी व्हेरी-ब्राइट बंद करून बघा, ते वेगळं आहे, बॅटरीवर ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट आपोआप खालीवर करतं, पण बघणाऱ्याला तेही लुकलुकल्यासारखंच वाटतं.

रीस्टार्ट केला की दोन दिवस बरं असतं, पण शटडाउन करून चालू केला तर तोच त्रास. असं उलटं कसं?

कारण विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन राहिलेलंच नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज तुमची ॲप्स बंद करतं पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं, म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं.

बंद करायचं तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटण काय करेल ते ठरवायची लिंक, मग वरची ढाल असलेली लिंक क्लिक करा, तेव्हा खालचे पर्याय उघडतात, त्यातली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर चालू व्हायला फार फरक पडत नाही, माझं मत विचाराल तर बंदच ठेवा. एकदाच पूर्ण बंद करायचा असेल तर शिफ्ट धरून शटडाउनवर क्लिक करा.

ड्रायव्हर नवीन टाकू की जुन्यावर जाऊ?

त्रास कधी सुरू झाला त्यावर आहे. विंडोज अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी सुरू झाला तर मागे जा: डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडाप्टर्स, उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. पहिल्या दिवसापासूनच असेल तर नवीन टाका, आणि शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या मॉडेलचाच घ्या, कारण इंटेल-एनव्हिडिया-एएमडी या चिप कंपन्यांच्या साइटवरचा सगळ्यांसाठी असतो आणि तुमच्या लॅपटॉपमधल्या पॅनल-बॅटरीच्या बारीकसारीक गोष्टी लॅपटॉप कंपनीने तपासलेल्या असतात. तरी नाही जमलं तर मग चिपवाल्यांचा.

दोन ग्राफिक्स असलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये लोक एनव्हिडियाचा ड्रायव्हर दहा वेळा बदलतात आणि इंटेलच्या किंवा एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सकडे बघतही नाहीत, पण बऱ्याच मॉडेलमध्ये स्क्रीन जोडलेली असते ती आतल्या ग्राफिक्सला. त्यामुळे दोन्ही ड्रायव्हर बघा.

आणि हो, स्टार्ट मेन्यूतला स्लीपचा पर्यायच गायब झाला असेल आणि अक्षरं मोठी-फताडी दिसत असतील तर खरा ड्रायव्हर उडालाय आणि विंडोज मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टरवर चाललंय.

बायॉस अपडेट करायला भीती वाटते. गरज आहे का?

स्लीपच्या भानगडीत खरंच असू शकते, कारण कुठल्या भागाला कधी वीज द्यायची हे बरंचसं बायॉस ठरवतं. कंपनीच्या पानावर बदलांच्या यादीत स्लीप, रिझ्यूम, डिस्प्ले असे शब्द दिसले तर नक्की करा. फक्त दोन गोष्टी, चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी, लाईट गेली म्हणून अपडेट अर्ध्यात तुटलं तर मदरबोर्डपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी मोबाईलवर किंवा कागदावर घेऊन ठेवा, अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. खूप लोकांना आपल्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे हे त्या निळ्या स्क्रीनवरच पहिल्यांदा कळतं.

झाकण थोडं मागे-पुढे केलं की रेघा येतात-जातात.

मग ड्रायव्हर वगैरे सगळं सोडा, ही केबल आहे. मदरबोर्डकडून पॅनलकडे जाणारी चपटी बारीक केबल बिजागरीतून जाते आणि झाकण दर वेळी उघडताना-मिटताना थोडी वाकते. स्लीपशी तिचा संबंध एवढाच की तुम्ही झाकण उघडता तेव्हाच लॅपटॉप उठतो, म्हणून दोष स्लीपवर जातो. खात्री करायला झाकण न मिटता स्टार्ट मेन्यूतून स्लीप करा आणि कीबोर्डने उठवा. असं केल्यावर कधीच त्रास होत नाही आणि झाकण मिटलं-उघडलं की होतो, मग केबल किंवा बिजागरी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या रिपेरिंगवाल्याकडे गेलात तर आधी केबल काढून परत नीट बसवून बघायला सांगा, मग केबल बदला, पॅनल शेवटी. केबल पॅनलपेक्षा खूपच स्वस्त असते. पॅनल बदलायचंच झालं तर जुन्याच्या मागचा मॉडेल नंबर आणि ३० पिन की ४० पिन ते जुळलंच पाहिजे.

लॅपटॉप मधेच आपोआप झोपतो आणि उठतो, झाकण उघडंच असतं.

झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं, झाकणात चुंबक आणि खाली सेन्सर. मोबाईलच्या फ्लिप कव्हरचं चुंबक, चुंबकाचा पट्टा असलेलं घड्याळ कीबोर्डच्या बाजूला टेकलं तरी त्याला वाटतं झाकण मिटलं. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला तरी होतं. हातातलं काढा आणि बघा.

पावसाळ्यात हे वाढतं का?

स्लीपशी थेट नाही, पण कोकणात राहणाऱ्यांना माहीत आहे जुलैत काय काय गंजतं ते, कनेक्टरही त्यातच आले. एसीतून थंडगार झालेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत लगेच उघडला तर आत बाष्प धरू शकतं, बॅगेतच थोडा वेळ राहू द्या आणि मग उघडा.

बाहेरचा मॉनिटर लावलाय, उठल्यावर सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा होतात.

डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर गाढ झोपले की लॅपटॉपला वाटतं वायरच काढली, मग तो सगळ्या खिडक्या उरलेल्या स्क्रीनवर आणून टाकतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत डीप स्लीप नावाचं काही असेल तर बंद करा. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंगमध्ये मल्टिपल डिस्प्लेज उघडलं की खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची खूण आहे, ती चालू हवी. मधे डॉक (एका वायरने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडायचा डबा) असेल तर डॉकचंही फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, असतं आणि ते कोणीच कधी अपडेट करत नाही.

उठल्यावर स्क्रीन पिवळट दिसते.

नाइट लाइट अडकलाय. बंद करून चालू, चालू करून बंद. झालं.

लिनक्सवर आहे, उबुंटू. काय बघू?

इंटेलवर लुकलुकत असेल तर तेच वरचं पॅनल सेल्फ रिफ्रेश, कर्नल पॅरामीटरमध्ये (लिनक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगमध्ये) आय-९१५ म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं इनेबल पीएसआर शून्य करून बघा. एनव्हिडियाचा त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर असेल आणि उठल्यावर वॉलपेपर, अक्षरं, खिडक्या विस्कटलेल्या दिसत असतील तर कारण वेगळं आहे: तो ड्रायव्हर स्लीपच्या वेळी व्हिडिओ मेमरीतला गरजेपुरताच भाग वाचवत असेल. पूर्ण मेमरी वाचवायची तर त्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलचा प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी ॲलोकेशन्स हा पर्याय १ करायचा आणि सोबतच्या सस्पेंड, हायबरनेट, रिझ्यूम या तिन्ही सर्व्हिस चालू करायच्या. तेवढा डेटा ठेवायला डिस्कवर जागा हवी, आठ जीबीचं कार्ड असेल तर निदान तेवढी मोकळी ठेवा.

मॅकबुकच्या स्क्रीनच्या खालच्या कडेला उजेडाचे ठिपके दिसतात, नाटकाच्या स्टेजवरच्या लाईटसारखे.

१३ इंची २०१६ चं मॅकबुक प्रो असेल तर ही जुनी आणि प्रसिद्ध गोष्ट आहे, बॅकलाईटची पातळ केबल झाकण उघड-मीट करून झिजायची. अ‍ॅपलने २०१९च्या मे महिन्यात त्या मॉडेलसाठी खास दुरुस्ती योजना काढली होती. बाकी इंटेलवाल्या मॅकवर ऑप्शन-कमांड-पी-आर धरून एनव्हीरॅम (मॅकच्या काही सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) रीसेट करून बघता येतं, अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम सिरीज चिपवर ते नाही, तिथे सरळ रीस्टार्ट.

हे सगळं करायला वेळ नाही, उद्या क्लायंट मीटिंग आहे. तात्पुरतं काही?

स्लीपऐवजी हायबरनेट वापरा. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण ग्राफिक्स चिप कोऱ्या अवस्थेतून सुरू होते, म्हणून स्लीपमध्ये गंडणारे बरेच लॅपटॉप हायबरनेटमध्ये गुण्यागोविंदाने चालतात. फास्ट स्टार्टअप जिथे बंद केलंत त्याच पानावर हायबरनेटची खूण आहे, आणि झाकण मिटल्यावर काय करायचं तेही तिथूनच निवडता येतं, बॅटरीवर आणि चार्जरवर वेगवेगळं.

शेवटी रिपेरिंगला न्यायचाच आहे. काय काय सांगू त्यांना?

"स्क्रीन गंडते" एवढं सांगू नका, दुकानात नेल्यावर ती हमखास नीट चालते. गंडलेली असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, झाकण हलवताना दिसेल असा. टीव्हीवर काय दिसलं, बायॉसमध्ये काय दिसलं, स्क्रीनशॉटमध्ये आलं की नाही, एवढं सांगितलंत तर समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुम्हाला उगाच पॅनल विकलं जात नाही. वॉरंटी असेल तर आधी बाहेर उघडू देऊ नका. बॅकअप घ्या, रिकव्हरी की सोबत ठेवा, आणि पॅनल बदललंच तर जुनं परत मागून घ्या.